नॅशनल पार्कचं छापील गाईडबुक घ्यावं का? दोन वर्षं वापरून मग लिहितेय

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं, तुम्ही पार्कच्या ट्रिपा एवढ्या व्यवस्थित कशा काय आखता, कुठलं ॲप वापरता, तर मी म्हटलं ॲप कसलं गं, पुस्तक वापरतो, छापील. तिला खरंच वाटेना. मग तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितेय, कारण अमेरिकेत राहणारे किंवा इथे फिरायला येणारे आपले बरेच लोक यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन करतात आणि आजकाल सगळं फुकट ऑनलाइन मिळत असताना पुस्तकावर पैसे घालवावेत का, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. माझं उत्तर आहे, घालवा. फक्त ते कशासाठी वापरायचं आणि कशासाठी अजिबात वापरायचं नाही हे आधी समजून घ्या, नाहीतर आमचं झायनला झालं तसं होईल.

पुस्तक म्हणजे कुठलं, तर सगळी ६३ नॅशनल पार्कं एकाच जाड पुस्तकात असतात ना, त्या प्रकारचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या प्रकारची तीन-चार पुस्तकं मी वापरलीत, काही लायब्ररीतून आणून आणि एक विकत घेऊन, आणि त्यांचे गुण-दोष जवळपास सारखेच आहेत. आमचं २०२४ साली घेतलं, तीसेक डॉलर पडले. पाचपैकी चार स्टार देईन. पाचवा का नाही ते पण सांगते.

आधी झायनचंच सांगते. मे २०२३, मी आणि नवरा दोघंच होतो, आणि आमच्याकडे लायब्ररीतून आणलेली २०१९ ची आवृत्ती होती. त्यात एंजल्स लँडिंग या तिथल्या प्रसिद्ध उंच कड्यावर दोन पानं, फोटोसकट, आणि सल्ला काय तर पहाटेची पहिली शटल पकडा म्हणजे गर्दी लागत नाही. आम्ही अगदी तसंच केलं, अंधारात उठलो, ग्रोटो स्टॉपला उतरलो, वॉल्टर्स विगल्स नावाची एकवीस वळणांची चढण आहे ती धापा टाकत चढलो, आणि वर स्काउट लुकआउटला पोचल्यावर रेंजरने विचारलं, परमिट? कसलं परमिट! १ एप्रिल २०२२ पासून तिथून पुढे, म्हणजे साखळ्यांचा जो अवघड भाग आहे तिथे जायला लॉटरीतून परमिट लागतं, आणि आमच्या पुस्तकाला ते माहीत असणं शक्यच नव्हतं कारण ते त्याच्या तीन वर्षं आधी छापलेलं. रेंजर बाई फार चांगल्या होत्या, शांतपणे समजावून सांगितलं की आदल्या दिवशीची पण लॉटरी असते, काल भरली असती तर चान्स होता. काल आम्ही अख्खी दुपार झायनमधेच घालवली होती हो! नवरा तिथे दगडावर बसून बराच वेळ काही बोलला नाही. स्काउट लुकआउटवरून दिसणारी दरी पण अप्रतिमच आहे, तिथपर्यंत परमिट लागत नाही, पण मनात जे ठरवून गेलेलो ते राहिलं ते राहिलंच.

त्या दिवशी मी ठरवलं होतं की पुस्तकाच्या नादी परत लागायचं नाही. मग एक वर्षाने परत पुस्तक विकत का घेतलं, तर बाबांमुळे.

माझे सासरे, आम्ही सगळे बाबाच म्हणतो, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आख्खी नोकरी गाड्यांच्या वेळा, अंतरं, कुठली गाडी कुठे किती वेळ थांबणार यात गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात ते आणि आई चार महिन्यांसाठी इकडे आले आणि सप्टेंबरमधे यलोस्टोनला जायचं ठरलं. आता प्लॅनिंग कसं चालायचं, तर नवरा लॅपटॉपवर, मी फोनवर, मुलगी तिच्या टॅबवर व्हिडिओ बघतेय, आणि बाबा समोर खुर्चीत बसून आमच्या तोंडाकडे बघतायत. मधेच विचारायचे, "अगं किती लांब आहे ते?" मी फोन त्यांच्यापुढे धरायचे, ते चष्मा वर-खाली करायचे, बोट लागून नकाशा भलतीकडेच सरकायचा आणि ते म्हणायचे राहू दे राहू दे, तुम्ही ठरवा. दोन-तीनदा असं झाल्यावर मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने तीस वर्षं हेच काम केलं त्याला आपण बाजूला बसवलंय, तेही त्याच्याच ट्रिपच्या बाबतीत. म्हणून त्या आठवड्यात नवीन आवृत्ती मागवली आणि डायनिंग टेबलवर उघडून ठेवली, बाकी कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाबा भिंग घेऊन यलोस्टोनच्या नकाशावर वाकलेले आणि शेजारी वहीत आकडे मांडलेले.

आणि त्यांनी पहिली गोष्ट काय काढली माहितीये? आम्ही चारही रात्री वेस्ट यलोस्टोन गावात एकच हॉटेल घेणार होतो, सामान हलवायची कटकट नको म्हणून. बाबा म्हणाले, "हे बघ, रस्ता इंग्रजी आठसारखा आहे, १४२ मैल सगळा मिळून, आणि तू उतरणार आठाच्या एका कडेला. ही लमार व्हॅली दुसऱ्या टोकाला. पहाटे प्राणी बघायचे म्हणते ना तू, मग निघणार किती वाजता?" खरंच की, तिथून लमारला दोन तासांच्या वर लागतात, स्पीड लिमिट जास्तीत जास्त ताशी ४५ मैल आणि मधेच गवे रस्त्यावर आले की सगळ्या गाड्या उभ्या. पुस्तकातही अगदी हेच लिहिलेलं, की मुक्काम दोन ठिकाणी विभागा, पण मी ऑनलाइन दहा ठिकाणी वाचून ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, कारण फोनवर तुम्ही एका वेळी एकच जागा बघता, ही जागा मग ती जागा, आणि आख्खं पार्क एकदम डोळ्यासमोर येतच नाही. यलोस्टोन जवळजवळ ९ हजार चौरस किलोमीटरचं आहे! टेबलवर दोन पानभर नकाशा पसरला की अंतरं आपोआप बोलायला लागतात. मग दोन रात्री पश्चिमेला आणि दोन रात्री उत्तरेला गार्डिनरमधे अशी विभागणी झाली, आणि त्या एका बदलामुळे आमचे किमान पाच-सहा तासांचे ड्रायव्हिंग वाचले असतील, शिवाय पहाटे लमारला लांडगे दिसले, लांबून, एका काकांनी त्यांच्या स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे लांबचं बघायच्या दुर्बिणीतून, दाखवले. १९९५ साली कॅनडातून आणून परत सोडलेल्या लांडग्यांचे हे वंशज, हे आईंनी पुस्तकातून वाचून आधीच आम्हाला सांगितलेलं, त्यामुळे त्या स्कोपला डोळा लावताना आईंचा आनंद काही वेगळाच होता.

दुसरं उदाहरण ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंगचं. तो इंद्रधनुष्यी रंगांचा गोल झरा, ज्याचा फोटो सगळीकडे असतो. अमेरिकेतला सगळ्यात मोठा गरम पाण्याचा झरा, आणि कडेचे ते केशरी-पिवळे रंग म्हणजे उष्ण पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव. बहुतेक लोक मिडवे गायझर बेसिनला गाडी लावतात, लाकडी पायवाटेवर जातात आणि त्यांना दिसते नुसती वाफ, कारण तुम्ही झऱ्याच्या पातळीलाच उभे असता. फोटोत दिसतं तसं बघायचं तर थोडं दक्षिणेला फेअरी फॉल्सच्या ट्रेलहेडला जायचं, तिथून ०.६ मैल चालून एका ओव्हरलुकवर पोचता येतं, चढ साधारण शंभर फुटांचा. आणि पुस्तकात त्याच्या खाली एक ओळ होती की सकाळी थंडीत वाफ जास्त असते, रंग झाकले जातात, ऊन वर आल्यावर जा. ही एक ओळ! आम्ही सकाळी ओल्ड फेथफुल केलं, ते साधारण दीड तासाने एकदा उडतं त्यामुळे थांबायला लागतंच, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओव्हरलुकला गेलो. आईंचे गुडघे दुखतात, दोनदा बसल्या, पण पोचल्या. वर गेल्यावर त्या कठड्याला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "पुस्तकात होता त्यापेक्षा जास्त निळा आहे गं." मला तो क्षण कितीही वेळा आठवला तरी तेवढंच बरं वाटतं.

आता ही माहिती ऑनलाइन नाहीये का? आहे ना, शंभर ठिकाणी आहे. पण त्याच्यासोबत आणखी नव्वद गोष्टी आहेत आणि प्रत्येक जण म्हणतो हे चुकवूच नका. पुस्तकात जागा मोजकी असते त्यामुळे लिहिणाऱ्याला निवड करावीच लागते, एक दिवस असेल तर हे, तीन दिवस असतील तर हे, आणि हे सोडलं तरी चालेल. ते "सोडलं तरी चालेल" सांगणारं माणूस फार गरजेचं असतं, विशेषतः सोबत सत्तरीचे आईवडील आणि आठ वर्षांची मुलगी असताना. आर्चेसचं बघा, डेलिकेट आर्चपर्यंत जायचं तर जाऊन-येऊन तीन मैल, ४८० फूट चढ, उघड्या खडकावरून, सावली नाही. ऑनलाइन सगळीकडे एकच, हे केलं नाही तर आर्चेस बघितलंच नाही. पुस्तकात मात्र नीट लिहिलेलं की खालून पण एक व्ह्यूपॉइंट आहे, पार्किंगपासून जेमतेम शंभर यार्डांवर, कमान लांब दिसते पण दिसते. ब्राइसला सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा अर्ध्या मैलाचा पक्का, जवळजवळ सपाट रस्ता आहे, तिथून ते लाल सुळके असे समोर दिसतात की खाली उतरायची गरजच नाही. आणि हेही लिहिलेलं की ब्राइस ८ ते ९ हजार फुटांवर आहे, दम लागेल, पहिल्या दिवशी सावकाश घ्या. या ओळी मी पिवळ्या चिठ्ठ्या लावून ठेवल्यात.

ग्रँड कॅन्यन मे २०२५ मधे केलं, बाबांचा दुसरा दौरा. तिथे एका ओळखीच्यांनी सांगितलेलं की साऊथ रिम आणि नॉर्थ रिम, म्हणजे दरीचे दक्षिण आणि उत्तर काठ, दोन्ही एकाच दिवसात होतात, दहाच मैलांचं अंतर आहे. दहा मैल आहे, खरंय, पण ते पक्ष्याला! मधे ती दरी आहे. गाडीने वळसा घालून २०० मैलांच्या वर, साडेचार-पाच तास. बाबांनी पुस्तकातलं अंतरांचं कोष्टक बघून पहिल्याच झटक्यात तो बेत रद्द केला. आणि वेळेचा एक घोळ असतो तो पण त्यांनीच पकडला. युटामधून ॲरिझोनात उतरलो की उन्हाळ्यात घड्याळ एक तास मागे जातं, कारण ॲरिझोना डेलाइट सेव्हिंग पाळत नाही, पण मधे नवाहो नेशनचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या प्रदेशाचा, जो भाग लागतो तो पाळतो, मग तिकडच्या टूर कुठल्या वेळेने धरायच्या? फोन आपलं आपण घड्याळ बदलत राहतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही की आत्ता नक्की कुठली वेळ दाखवतोय. पुस्तकात यावर छोटी चौकट होती. बाबांनी वहीत दोन रकाने केले, एक युटाची वेळ एक ॲरिझोनाची, आणि वर लाल पेनने लिहिलं, बुकिंग करताना विचारणे. आमची पेज गावाजवळची टूर त्या वहीमुळे चुकली नाही.

साऊथ रिमला एक ट्रेल ऑफ टाइम म्हणून सपाट पायवाट आहे, ज्यात एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं असं मोजलंय, आणि वाटेत त्या-त्या काळातले खडक मांडून ठेवलेत, हात लावून बघता येतात. व्हिडिओवाल्यांना हे फारसं कुणाला दाखवावंसं वाटत नाही कारण त्यात उंच कडा नाही, थरार नाही. पुस्तकात चार ओळी होत्या. मुलगी आणि आजोबा हात धरून पावलं मोजत चालले, दर पावलाला साधारण सात-आठ लाख वर्षं, आणि दोघं भांडतायत की कुणाचं पाऊल किती वर्षांचं. आख्ख्या ट्रिपमधली तीच दुपार मुलीला सगळ्यात जास्त आठवते.

हे झालं कौतुक. आता पाचवा स्टार का कापला.

पहिलं आणि मोठं कारण, नियम. परमिट, एन्ट्री रिझर्व्हेशन, फी, कुठला रस्ता चालू कुठला बंद, यासाठी छापील पुस्तकावर अजिबात, म्हणजे अजिबात विसंबायचं नाही. योसेमिटीचं बघा, २०२० ते २०२२ उन्हाळ्यात रिझर्व्हेशन लागायचं, २०२३ ला काढून टाकलं, २०२४ ला परत आलं. कुठला लेखक हे छापून खरं ठेवणार? यलोस्टोनला जून २०२२ मधे पूर आला आणि उत्तरेचा गार्डिनर ते मॅमथ हा नदीकाठचा रस्ता वाहून गेला, आता गाड्या वेगळ्याच, डोंगरावरून काढलेल्या रस्त्याने जातात, आणि लायब्ररीतल्या जुन्या आवृत्तीत तो नदीकाठचा रस्ता अजून "सुंदर ड्राइव्ह" म्हणून आहे. आमच्या २०२४ च्या आवृत्तीत ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमच्या लॉजचा पानभर फोटो आहे, तिथे संध्याकाळी बसून दरी बघायची असं वर्णन, आणि जुलै २०२५ च्या आगीत ते लॉजच जळून गेलं. आम्ही साऊथ रिम करून आल्यावर दोनच महिन्यांनी. तो फोटो आता बघवत नाही. स्मोकी माउंटन्सच्या धड्यात सगळ्यात उंच शिखराचं नाव अजून क्लिंगमन्स डोम आहे, सप्टेंबर २०२४ मधे त्याचं मूळचं चेरोकी नाव कुवोही परत दिलं गेलं, त्यामुळे पाटीवर एक आणि पुस्तकात एक.

आणि फीबद्दल तर खास आपल्या लोकांसाठी लिहिते. वर्षाचा पास ८० डॉलर हे सगळ्या पुस्तकांत छापलेलं असतं आणि कितीतरी वर्षं ते खरं होतं. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी तो पास २५० डॉलर झालाय, आणि पास नसेल तर यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन, योसेमिटीसारख्या ११ मोठ्या पार्कांत नेहमीच्या फीवर माणशी १०० डॉलर जादा, सोळा वर्षं आणि त्याच्या वरच्यांना. म्हणजे भारतातून आईवडील फिरायला आलेत तर बजेट पूर्ण बदलतं. तुमचे कोण कशात मोडतात आणि गाडीत मिसळून बसलेले असताना काय लागू होतं हे निघायच्या आधी पार्क सर्व्हिसच्या, म्हणजे ही पार्कं चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर स्वतः वाचा, प्लीज, पुस्तकावर किंवा माझ्यावर पण जाऊ नका.

दुसरं, हॉटेल आणि खाण्याची पानं. मी ती उघडतच नाही. तिथे काय चालू काय बंद हे सहा महिन्यांत बदलतं. त्यातली एकच गोष्ट कामाची, की पार्कच्या आतली लॉजेस फार आधी भरतात, यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यनच्या आतल्या खोल्यांचं बुकिंग तेरा महिने आधी उघडतं, हे पुस्तकाने ठळक चौकटीत सांगितलं. आम्ही तरीही उशीरच केला, म्हणून गावात राहिलो.

तिसरं, पुस्तक म्हणून ते कसं आहे. जड आहे, किलोभर तरी असेल, पाठीवरच्या बॅगेत घेऊन ट्रेलवर जाण्याचा प्रश्नच नाही. बाइंडिंग डिंकाचं, आणि युटाची पाच पार्कं आम्ही इतक्यांदा उघडली की ती पानं सुटायला लागलीत, मी पारदर्शक टेप लावून बसवलीत. कागद गुळगुळीत, फोटोंसाठी चांगला पण पेन्सिल उमटत नाही आणि शाईचं पेन फासतं, त्यामुळे समासात काही लिहायचं म्हणजे चिठ्ठ्याच लावायच्या. अक्षर बारीक, चौकटींमधलं तर फारच, आणि तेही करड्या रंगात. अहो, पार्कं बघायला निवृत्त लोक केवढे जातात, त्यांना वाचता येईल असं छापा ना! बाबांचं भिंग त्या पुस्तकातच बुकमार्कसारखं राहतं. आणि सगळ्यात राग येतो तो नकाशांचा, दोन पानांवर पसरलेला नकाशा आणि बरोबर मधल्या शिवणीत महत्त्वाचा फाटा गिळलेला. यलोस्टोनचा नॉरिस जंक्शन, जिथे आठाच्या दोन्ही वाट्या जोडल्या जातात, तोच घडीत गेलाय.

यावर उपाय म्हणजे पार्क सर्व्हिसचा स्वतःचा नकाशा. गेटवर फुकट देतात, वर काळी पट्टी असलेलं घडीचं पत्रक, आणि तो नकाशा पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी सरस असतो. पण गेटवर मिळून काय उपयोग, प्लॅनिंग तर आधी करायचंय. तर तोच नकाशा त्यांच्या साइटवर पीडीएफमधे असतो, आम्ही तो मोठ्या कागदावर प्रिंट करून पुस्तकात घडी घालून ठेवतो. शिवाय त्यांचं ॲप आहे, त्यात आख्खं पार्क ऑफलाइन उतरवून घेता येतं, घरूनच उतरवायचं कारण तिथे पोचल्यावर यलोस्टोन काय किंवा डेथ व्हॅली काय, बऱ्याच भागात नेटवर्क नसतंच. ई-बुक पण एकदा घेऊन बघितलं, नकाशे बघायला त्याचा काही उपयोग नाही आणि मागे-पुढे पानं चाळणं जमत नाही, ते माझं परत टेबलवर आलंच नाही.

छोट्या पार्कांवर अन्याय होतो हेही सांगायला हवं. यलोस्टोनला तीस पानं आणि कॉन्गारीला तीन. ६३ पार्कं कोंबायची म्हटल्यावर असंच होणार हे समजतं, पण कॉन्गारीला मे-जूनच्या सुमारास काजवे एका तालात लुकलुकतात, त्या दिवसांसाठी वेगळी लॉटरी असते, आणि त्यावर अर्धी ओळ? ज्यांना एकच पार्क नीट बघायचंय त्यांनी त्या एका पार्कचंच वेगळं पुस्तक घ्यावं, लायब्ररीत मिळतात. पण कुठे जायचं हेच ठरलेलं नसेल तर हे जाड पुस्तक चांगलं, कारण नुसतं चाळताना अशी पार्कं सापडतात जी आपण कधी सर्च केलीच नसती. न्यू रिव्हर गॉर्ज हे डिसेंबर २०२० मधे झालेलं ६३ वं पार्क, आम्हाला असंच चाळता चाळता सापडलं.

महिन्यांचं कोष्टक मात्र सोन्यासारखं आहे आणि ते फारसं जुनं होत नाही. बर्फ काही नियम बदलल्याने लवकर वितळत नाही ना. ग्लेशियरचा गोइंग टू द सन रोड पूर्ण उघडायला साधारण जूनचा शेवट किंवा जुलै उजाडतो, योसेमिटीचा टायोगा रोड पण हिवाळाभर बंद, यलोस्टोनचे बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बंद. ओळखीतलं एक कुटुंब शाळेला सुट्टी लागल्या लागल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्लेशियरला गेलं, विमानाची तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून, आणि रस्ता अर्ध्यातूनच बंद. पुस्तकात पहिल्याच पानावर आहे हे. तारीख नक्की कधी ते साइटवर, पण महिना ठरवायचा तो पुस्तकावरून.

तर आमची पद्धत आता अशी बसलीय, की पार्क आणि महिना आणि कुठे किती रात्री हे सगळं टेबलवर पुस्तक उघडून, सगळे बसून. मग मी एकटी लॅपटॉपवर बसते आणि पुस्तकातली प्रत्येक गोष्ट पार्कच्या साइटवर ताडून बघते, त्यांच्या पानावर सगळ्यात वर अलर्ट असतात ते आधी. जे बदललंय ते चिठ्ठीवर लिहून त्या पानाला लावते, तारखेसकट. निघायच्या आदल्या रात्री परत एकदा अलर्ट. आणि प्रवासात पुस्तक गाडीत राहतं, ट्रेलवर लागणाऱ्या पानांचे फोटो फोनमधे. विकत घेताना नुसतं कव्हर बघू नका, आतल्या पानावर छापल्याचं साल बघा, आणि लक्षात ठेवा की छापलं त्याच्या वर्षभर आधीची माहिती असते ती. सेकंडहँड घ्यायलाही हरकत नाही, नकाशे आणि अंतरं तीच राहतात, फक्त साइटवर ताडून बघायला जास्त वेळ जाईल.

या ऑगस्टमधे बाबा-आई परत येतायत, ऑलिम्पिक नॅशनल पार्कला जायचंय. बाबांनी तिकडे बसून व्हिडिओ कॉलवर मला पानं दाखवायला लावली, हं पुढचं, हं थांब, जवळ धर. तिथल्या 'हो' नावाच्या रेनफॉरेस्टमधला हॉल ऑफ मॉसेस ट्रेल ०.८ मैलाचा आहे तर आईला जमेल म्हणाले. हरिकेन रिजवरचं डे लॉज मे २०२३ मधे जळालं ते मी सांगितलं, तर म्हणाले चिठ्ठी लाव, आणि वर पाण्याची सोय काय आहे ते विचारून ठेव. वहीत पहिलं पान त्यांनी तिकडे आधीच आखलंय.